चावी मिळाली, मग रडू का येतंय?

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली सोडून ५०० चौरस फुटांचं, स्वतःच्या मालकीचं घर. मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे बादली घेऊन उभं राहण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्यासाठी घरातल्या घरात कडी लावता येणारं न्हाणीघर म्हणजे काय, ते इतरांनी सांगायला नको. तो आनंद शंभर नंबरी होता.

प्रश्न त्यानंतरच्या महिन्यांचा असतो. वास्तुशांत होते, पाहुण्यांना घर दाखवून होतं, पेढे संपतात आणि मग घरातलं एखादं माणूस गप्प गप्प राहायला लागतं. झोप लागत नाही, जेवणावर वासना राहत नाही, बारीकसारीक गोष्टींवरून डोळे भरून येतात. कारण विचारावं तर सांगता येत नाही, कारण नव्या घरात तक्रार करण्यासारखं काही नसतंच. मग बाकीचे वैतागतात. ‘एवढं घर मिळालं, आता अजून काय पाहिजे?’

अजून काय पाहिजे, हा प्रश्न टोमणा म्हणून विचारला जात असला तरी त्याला खरोखरच उत्तर आहे, आणि ते मानसशास्त्राने गेल्या साठ-सत्तर वर्षांत तुकड्यातुकड्याने शोधलेलं आहे. इथे उदाहरण चाळीतून टॉवरमध्ये जाणाऱ्यांचं घेतोय, कारण मुंबईत सध्या हजारो घरं याच वाटेवर आहेत. पण दर अकरा महिन्यांनी भाड्याचं घर बदलणाऱ्यांना, वाडा पाडल्यावर फ्लॅटमध्ये गेलेल्यांना आणि गाव सोडून मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांनाही यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

घर बदलायचे फक्त २० गुण

जवळच्या माणसाचा मृत्यू आणि घटस्फोट यांच्या खालोखाल सगळ्यात जास्त ताण घर बदलण्याचा असतो, असं एक वाक्य सगळीकडे फिरत असतं. पॅकर्स-मूव्हर्सच्या जाहिरातींना ते सोयीचं आहे. पण ताणाच्या मोजमापाची जी सगळ्यात प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात असं काही म्हटलेलं नाही.

ही यादी १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी डॉक्टरांनी केली. आयुष्यातल्या ४३ घटना घेतल्या आणि प्रत्येकीशी जुळवून घ्यायला माणसाला किती कष्ट पडतात याचे गुण ठरवले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०. आणि घर बदलणं? फक्त २०.

इथेच थांबलं तर नव्या घरात रडणाऱ्या बाईला ‘उगाच रडतेस’ म्हणणाऱ्यांची सरशी होईल. पण यादी पुढे वाचत जा. राहणीमानात बदल २५. वैयक्तिक सवयी बदलणं २४. मुलांची शाळा बदलणं २०. लोकांत मिसळण्याच्या रीतीत बदल १८. झोपेच्या वेळा बदलणं १६. डोक्यावर घराचं कर्ज असेल तर त्याचे ३१. घर बदलणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला यातलं जवळजवळ सगळंच एका झटक्यात येतं आणि बेरीज जाते १५४ वर, म्हणजे लग्नाच्या तिप्पट. वर्षभरात १५० च्या पुढे बेरीज गेली की आजारी पडण्याची शक्यता वाढते, असं त्या दोघांचं म्हणणं होतं.

यादी जुनी आहे आणि तिच्यावर टीकाही झालेली आहे. तीच घटना एकाला जड जाते आणि दुसऱ्याला हलकी, मग सगळ्यांना सारखेच गुण कसे? आक्षेप रास्त आहे. तरी तिच्यातली एक गोष्ट मला फार कामाची वाटते: या यादीत लग्न आहे, मोठं यश आहे, सुट्टीवर जाणंसुद्धा आहे. जुळवून घेण्याची मेहनत चांगल्या घटनेतही करावीच लागते. म्हणजे घर आवडणं आणि घरामुळे थकणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच वेळी खऱ्या असू शकतात. घरात निम्मी भांडणं होतात ती हे मान्य नसल्यामुळे.

शरीराला पत्ता बदललेला कळत नाही

आमच्या नात्यातल्या एक काकू लालबागच्या चाळीतून त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, बऱ्याच वरच्या मजल्यावर गेल्या. चाळीत पाणी पहाटे यायचं. साडेचारला उठायचं, मोरीतलं पिंप भरायचं, मग कळशी, मग हंडा, मग शेजारच्या म्हाताऱ्या आजींची बादली. नव्या घरात नळ कधीही सोडा, पाणी आहे. काकूंचे डोळे मात्र साडेचारलाच उघडतात. उठून ओट्यापाशी जातात, नळ सोडून बघतात, बंद करतात. करायला काहीच नसतं. सून उठेपर्यंत त्या हॉलमधल्या सोफ्याच्या अगदी कडेला बसून राहतात, दुसऱ्याच्या घरी बसावं तसं.

काकूंना यात खुळ्यासारखं वाटतं. पण मेंदूच्या दृष्टीने त्यांचं वागणं अगदी सरळ आहे. रोजच्या कामांपैकी बरीचशी कामं आपण विचार करून करत नसतो. जागा आठवण करून देते आणि हात काम करतो. अंधारात बटण कुठे आहे, उंबरा कुठे आहे, दुधाचं पातेलं कुठल्या फळीवर, हे सगळं जागेशी जोडून साठवलेलं असतं. मेंदूत जागेचा नकाशा ठेवणाऱ्या खास पेशी असतात. त्यांच्यावरच्या कामासाठी जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोझर या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. नव्या घरात तो नकाशा पहिल्यापासून काढावा लागतो. जे काम फुकटात होत होतं, त्या प्रत्येक कामाला आता लक्ष द्यावं लागतं. संध्याकाळपर्यंत माणूस दमतो आणि ‘आज मी केलं तरी काय?’ असं स्वतःलाच विचारतो. पोळपाट बदलला की पहिल्या चार पोळ्या वाकड्या होतात, पाचवीपासून हात बसतो. घराच्या बाबतीत ही पाचवी पोळी यायला काही महिने लागतात, इतकंच.

किती महिने? लंडनमधल्या एका विद्यापीठात ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. ते सगळे प्रयोगासाठी एकेक साधी सवय लावून घेत होते. घर बदलणारा एका वेळी पन्नास सवयी बदलत असतो. तेव्हा ‘महिना झाला, अजून रुळली नाही?’ हा प्रश्न घाईचा आहे.

झोपेचंही तसंच. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो बारीक आवाजांवर कान ठेवून असतो, राखणीला बसल्यासारखा. चाळीत रात्री नळाची टपटप, शेजारच्यांचा खोकला, जिन्यावरची पावलं हे सगळं असायचं आणि त्यात झोप लागायची, कारण कुठला आवाज कशाचा हे माहीत होतं. तिसाव्या मजल्यावर शांतता असते, पण खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घालतो, लिफ्ट कुठेतरी घरघरते. या आवाजांची ओळख व्हायला वेळ जातो. त्या प्रयोगात दुसऱ्या वेळेपर्यंत हा फरक पुष्कळ कमी झाला होता, त्यामुळे पहिल्या दोन-चार रात्रींच्या जाग्रणाची धास्ती नको. तीन-चार आठवडे उलटूनही तीच कथा असेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

दार कुठे उघडतं यावर शेजार ठरतो

आता मुख्य मुद्दा. चाळीतल्या माणसांना तुम्ही काय गमावलं म्हणून विचारलं तर ती ‘माणसं’ म्हणतात. तरुण मुलं त्यावर म्हणतात, ‘माणसं तीच आहेत की! सगळी याच टॉवरमध्ये आहेत.’ दोघंही खरं बोलताहेत.

बीडीडीची इमारत म्हणजे तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधून लांब पॅसेज आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दारं. दिवसभर दारं उघडी. संडासला जाताना, पाण्याला जाताना, कामावरून येताना प्रत्येक जण बाकीच्यांच्या दारांवरूनच जाणार. कोणी कोणाकडे मुद्दाम गेलं नाही तरी दिवसाकाठी पंधरा-वीस वेळा तोंडं दिसायची. टॉवरमध्ये तीच माणसं सोडतीत जो मजला निघेल तिथे जातात. समोरच्या दारातली मैत्रीण अठराव्यावर, आपण सत्ताविसाव्यावर. भेटायचं तर आधी फोन करायचा, लिफ्टची वाट बघायची, साडी नीट करायची. भेटीचं ‘जाणं’ झालं, आणि दुपारी दोन वाजता नुसती कोथिंबीर निवडत बसायला कोणी असं जात नाही.

इमारतीचा आराखडा मैत्र्या ठरवतो, ही काही कविकल्पना नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या आवारात दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांच्या कुटुंबांसाठी घरं बांधली होती. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कोणाची कोणाशी मैत्री होते ते पाहिलं आणि १९५० मध्ये प्रसिद्ध केलं. एकाच मजल्यावर अगदी लगतच्या शेजाऱ्याला मित्र म्हणणाऱ्यांचं प्रमाण ४१ टक्के होतं, मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या शेजाऱ्याच्या बाबतीत ते १० टक्क्यांवर आलं. मजला छोटासाच होता, दोन टोकांमधलं अंतर चालायला मिनिटभरसुद्धा लागलं नसतं. आणि जे जिन्याच्या पायथ्याशी राहत होते, त्यांचे वरच्या मजल्यावर जास्त मित्र होते, कारण वरची मंडळी त्यांच्या दारावरूनच जात.

या येता-जाता दिसणाऱ्या माणसांशी आपलं नातं सहसा खोल नसतं. वाणी, दूधवाला, खालच्या मजल्यावरचे ते गोंदवल्याला जाणारे काका. नाव विचारलं तर अडखळायला होईल. तरीही जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात असं आढळलं की अशा हलक्या ओळखीच्या माणसांशी ज्या दिवशी जास्त बोलणं होतं, त्या दिवशी माणसांना जास्त बरं वाटतं. घर बदलताना आपण सख्ख्या माणसांना बरोबर नेतो. हलक्या ओळखी मागेच राहतात, आणि त्या गेल्याचं दुःख कोणाला सांगावं इतकं मोठं कधीच वाटत नाही. दूधवाल्याची आठवण येते म्हणून कोण रडतं? पण ओळखीचं एक अख्खं अस्तर निघून गेलेलं असतं.

पाडून टाकलेल्या वस्तीचा शोक होतो, हे सगळ्यात स्पष्टपणे बोस्टनमध्ये नोंदवलं गेलं. तिथली वेस्ट एंड नावाची वस्ती, मुख्यतः इटालियन कामगार कुटुंबांची, १९५८ ते १९६० या काळात ‘गलिच्छ वस्ती’ म्हणून जमीनदोस्त करण्यात आली. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने तिथून हललेल्यांशी बोलून १९६३ मध्ये जे लिहिलं, त्यात त्याने या अवस्थेला सरळ शोक म्हटलं. माणूस गेल्यावर होतो तसा. सुमारे निम्म्या बायकांना, नेमकं सांगायचं तर ४६ टक्के, दीर्घ काळ उदास वाटत राहिलं होतं, त्यातल्या बऱ्याच जणींना दोन वर्षांनंतरही. पुरुषांत हे प्रमाण ३८ टक्के होतं. ज्यांचा वस्तीत जीव जास्त गुंतलेला, त्यांना त्रास जास्त.

तुलना जपून करायला हवी. बोस्टनची माणसं शहरभर विखुरली, वरळीत ती त्याच जमिनीवर परत आली. हा फरक मोठा आहे आणि आपल्याकडच्या ‘आहे तिथेच घर’ या आग्रहामागे माणसांचं शहाणपण आहे. पण मधली दोन-चार वर्षं संक्रमण शिबिरात नाहीतर भाडं घेऊन कांदिवली-विरारकडे काढावी लागतात. तेवढ्यात मुलांच्या शाळा बदलतात, एखादं म्हातारं माणूस नवं घर बघायच्या आधीच जातं. बाकीच्यांना चावी मिळते तेव्हा त्या आनंदात ही उधारीही असतेच.

कोणाला जास्त जड जातं

जो दिवसभर घरात असतो त्याला. नोकरीवर जाणाऱ्याची लोकल तीच, ऑफिस तेच, डबा तोच. त्याच्या दिवसातला फार तर एक तृतीयांश भाग बदलतो. घर सांभाळणाऱ्या बाईचा आणि निवृत्त माणसाचा सगळा दिवसच बदलतो. संध्याकाळी सातला घरी आलेल्या मुलाला घर छान वाटतं आणि आईला खायला उठतं, यामागचं कारण इतकं साधं आहे.

पुरुषांचं बोलण्यातून कमी आणि हिशेबातून जास्त बाहेर येतं. मेंटेनन्स किती, मालमत्ता कर किती, लिफ्ट बंद पडली तर कोणाला धरायचं. चाळीत जेवढ्या भाड्यात महिना निघायचा, तेवढ्यात इथे वॉचमनचा चहाही निघत नाही. ही चिंता खरी असते, तिला ‘उगाच टेन्शन घेता’ म्हणून उडवून लावू नये. कागद घेऊन वर्षाचा आकडा एकदा मांडला की निम्मी भीती निघून जाते, कारण भीती बहुतेक वेळा न मांडलेल्या आकड्याची असते.

सहा-सात वर्षांची मुलं लवकर रुळतात, पण त्याआधी थोडी मागे जातात: पुन्हा आईजवळ झोपणं, अंथरूण ओलं होणं, शाळेत जाताना पोट दुखणं. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावरची मुलं बोलत नाहीत, दार लावून घेतात. आयुष्यात पहिल्यांदाच लावून घेण्यासारखं दार मिळालेलं असतं, त्यामुळे यातलं दुःख किती आणि नवलाई किती, हे लगेच कळत नाही. त्यांना थोडं त्यांच्या पद्धतीने राहू द्यावं, मात्र जेवायला सगळे एकत्र.

म्हातारी माणसं हा वेगळाच विषय. विसराळूपणाचा आजार सुरू झाला असेल तर जुन्या घराच्या आधाराने तो झाकलेला असतो. पाय सवयीने मोरीपर्यंत जातात, हात सवयीने डबा काढतो. घर बदललं की तो आधार जातो आणि माणूस ‘एकदम’ बिघडल्यासारखं दिसतं. रात्री उठून भलत्याच दिशेला जाणं, ‘मला घरी जायचंय’ म्हणणं, मजला विसरणं असं दिसलं तर ‘हेच आपलं घर आहे, किती वेळा सांगू?’ असा वाद घालू नये. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा, दारावर ठळक खूण, खिशात पत्ता आणि फोन नंबर. आणि एकदा तपासून घ्यावं.

मग करायचं काय

सगळ्यात आधी, स्वयंपाकघर. सामान लावायला पोरांची फौज येते, तासाभरात डबे मॉड्युलर कपाटांत जातात, सगळं दिसायला चकाचक. आणि जिला स्वयंपाक करायचाय तिला तिखटाचा डबा सापडत नाही. चाळीत स्टीलच्या मांडणीवर सगळं डोळ्यांपुढे असायचं. इथे प्रत्येक गोष्टीवर दार आहे. स्वयंपाकघर जी वापरणार तिनेच लावावं, तिला लागेल तेवढा वेळ घेऊन, आणि मांडणी हवी असेल तर मांडणी ठोकावी. इंटिरिअरवाल्याची तोंडं वाकडी झाली तर होऊ द्यावीत.

सामान टाकण्यावरून होणारी भांडणंही याच जातीची. पत्र्याची ट्रंक, सासऱ्यांनी गिरणीतून आणलेली खुर्ची, तडा गेलेला पाटा. सुनेला ती अडगळ वाटते आणि नव्या घराचं नवेपण तिलाही हवंच असतं, यात तिचं काही चुकत नाही. पण हलायच्या आठवड्यात कोणाकडूनच नीट निर्णय होत नाही. ज्यावरून वाद आहे ते एका कोपऱ्यात सहा महिने ठेवावं आणि मग बघावं. बऱ्याच वस्तू तोवर मालकच काढून टाकतो. एखादी राहते. राहू द्यावी.

पहिल्या रात्रीसाठी जुन्याच चादरी, जुनीच गोधडी, न धुतलेली. नवी गादी आठवड्याने उघडली तरी चालते. ओळखीचा वास झोपेला बरा. देवघर, पलंग आणि गॅस एवढं पहिल्या दिवशी लागलं की बाकीचे खोके पंधरा दिवस पडून राहिले तरी आभाळ कोसळत नाही.

जुन्या वेळा काही काळ मुद्दाम पाळाव्यात. काकूंच्या साडेचारच्या जागेपणाशी झगडा करण्यापेक्षा त्या वेळेला काम देणं सोपं. त्यांनी नंतर खाली पोडियमवर फेऱ्या मारायला सुरुवात केली. तिथे त्यांच्यासारख्याच, पाणी भरायच्या वेळेला उठलेल्या आणखी दोघी निघाल्या, एक सहाव्या मजल्यावरची, एक तेराव्यावरची. आता तिघी मिळून वॉचमनला उठवतात म्हणे. फार मोठी मैत्री वगैरे झालेली नाही, पण सुनेच्या म्हणण्याप्रमाणे सोफ्याच्या कडेला बसणं थांबलं.

मला विचाराल तर सगळ्या उपायांत हाच सरस: ज्या माणसांना ठरवून भेटावं लागतं त्यांच्यापेक्षा ज्यांच्याशी आपोआप गाठ पडेल अशा वेळा आणि जागा आधी तयार कराव्यात. रोज एकाच वेळी खाली उतरावं. भाजी ऑनलाइन मागवू नये, निदान पहिले काही महिने, जुन्याच भाजीवाल्याकडे जावं. संध्याकाळी तासभर आतलं दार उघडं ठेवून फक्त जाळीचा दरवाजा लावावा. मजल्यावरच्या एका घराने असं केलं की आठवड्याभरात दुसरंही करतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं काही होत नाही. तिथे पार्किंगची भांडणं होतात. गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या पूजेत वर्गणी देऊन मोकळं होण्यापेक्षा वाढायला उभं राहावं, मांडवाला हात लावावा. कामाच्या निमित्ताने बोलणं सोपं जातं, विशेषतः जे गप्पिष्ट नाहीत त्यांना.

निरोपाचंही काहीतरी करावं. आपल्याकडे गृहप्रवेशाला विधी आहे, घर सोडायला फारसा नाही. रिकाम्या खोलीत सगळ्यांनी मिळून चहा प्यावा, दाराच्या चौकटीचा, जिन्याचा, पॅसेजचा फोटो काढावा, मुलांच्या उंचीच्या रेघा असलेल्या भिंतीचाही. इमारत पाडताना बघायला जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. काहींना बघून मोकळं वाटतं, काहींना ते दृश्य वर्षभर पुरतं. म्हाताऱ्यांना बळजबरीने नेऊ नये आणि जायचं म्हणाले तर अडवूही नये.

आणि रडणाऱ्या माणसाला घराचे गुण ऐकवू नयेत. पाणी चोवीस तास आहे हे त्यालाही दिसतंय. ‘तुला तिथलं काय आठवतं गं?’ एवढं विचारून ऐकून घेतलं तरी पुष्कळ होतं.

घर बदलण्याचा एक फायदाही सांगायला हवा. जुन्या जागेने धरून ठेवलेल्या वाईट सवयीही जागेबरोबर सुटतात. बास व्हर्प्लांकन आणि डेबोरा रॉय यांनी इंग्लंडमध्ये ८०० घरांवर केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की नव्याने घर बदललेल्यांना नव्या सवयी लावणं सोपं गेलं, आणि ही सवलत साधारण पहिले तीन महिने टिकली. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन सिगारेट ओढण्याची सवय असेल तर नव्या घराच्या कोपऱ्यावरची टपरी कुठे आहे ते शोधूच नये.

कधी दाखवायला जावं

उदासी आली आणि अधूनमधून मागे हटत राहिली, तर ती आपल्या गतीने जाते. पण सलग दोन आठवडे झोप आणि भूक बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, दारू वाढली असेल, तर वाट बघू नये. बदलानंतर साधारण तीन महिन्यांच्या आत सुरू होणारा आणि रोजचं कामकाज विस्कटून टाकणारा त्रास मानसोपचारतज्ज्ञांना चांगला ओळखीचा आहे. त्याला ते अॅडजस्टमेंट डिसऑर्डर म्हणतात. बोलून होणाऱ्या उपचारांनी तो बऱ्याच वेळा बरा होतो, सगळ्यांनाच गोळ्या लागतात असं नाही. जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोलून दाखवलं तर मात्र त्याच दिवशी मदत घ्यायची. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर, फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

फॅमिली डॉक्टरकडे गेलात तरी चालेल, पण एक ध्यानात ठेवा. आपल्याकडची वडीलधारी माणसं ‘मन लागत नाही’ असं डॉक्टरांना सांगत नाहीत. ती पित्त सांगतात, गुडघे सांगतात, छातीत धडधडतंय म्हणतात. डॉक्टर नवे असतील, आणि घर बदलल्यावर बहुतेकदा डॉक्टरही नवेच असतात, तर ते रक्त तपासतील, ईसीजी काढतील. ते करून घ्यावंच. पण बरोबर गेलेल्याने आपणहून सांगावं की अमुक महिन्यात घर बदललंय, आधी किती वर्षं कुठे होतो आणि दुखणं कधीपासून आहे.